दोन चंद्र आणि दोन बालाघाट

ज्ञानाच्या खरेखोटेपणाचा विचार करताना भारतीय दर्शनांनी ज्या साक्षीदाराला पुनःपुन्हा बोलावले, तो म्हणजे डोळे अधू झालेला एक साधा रोगी होय. ग्रंथांत त्याला तैमिरिक म्हणतात, म्हणजे ज्याला तिमिर झाले आहे असा. तिमिर या शब्दाचा रूढ अर्थ अंधार असला, तरी वैद्यकात ते दृष्टीच्या एका व्याधीचे नाव आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या व्याधीचे जे वर्णन येते त्यानुसार रोग्याला डोळ्यांपुढे माश्या, डास, केस आणि जाळी दिसू लागतात, दूरची वस्तू जवळ आणि जवळची दूर भासते, सुईचे नेढे काही केल्या सापडत नाही आणि दोष एका विशिष्ट जागी स्थिरावला म्हणजे एका वस्तूच्या दोन वस्तू होतात. वसुबंधूने विंशतिकेच्या आरंभीच या रोग्याला पुढे केले, चंद्रकीर्तीने मध्यमकावतारात त्याला नसलेले केस पाहायला लावले, धर्मकीर्तीने न्यायबिंदूत प्रत्यक्षाला भ्रमापासून वेगळे काढताना भ्रमाच्या कारणांत तिमिराला पहिले स्थान दिले, आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत अध्यास समजावून सांगताना रुप्यासारख्या चमकणाऱ्या शिंपल्याच्या शेजारीच एक असून दोन दिसणाऱ्या चंद्राचा दाखला ठेवला. अध्यास म्हणजे एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचे किंवा तिच्या धर्माचे आरोपण. इतक्या आचार्यांनी या माणसाची साक्ष काढली, पण साक्ष झाल्यावर त्याला तसेच परत पाठवले. दोन चंद्र पाहत घरी जाणाऱ्या त्या माणसाने पुढे काय करावे, त्याने खंत करावी, लाजावे की हसावे, हा प्रश्न बहुतेकांनी विचारलेला नाही. खरे पाहता तत्त्वज्ञानाच्या आणि धर्माच्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी बालाघाट हे गाव फार सोयीचे आहे.

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्याची घडण 1867 साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून झाली. बाला हा फारसी शब्द, त्याचा अर्थ वर. म्हणून बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख. वऱ्हाडातही अशीच पायनघाट आणि बालाघाट ही जोडी रूढ होती, आणि तिच्यातील पहिल्या नावाने घाटाखालचा सपाट प्रदेश ओळखला जाई. सातपुड्याच्या मैकल रांगेलगतचे बैहरचे पठार, सालाची घनदाट राने आणि विरळ वस्ती असलेला हा वरचा मुलूख वसवावा, हा जिल्हा निर्माण करण्यामागचा एक मोठा हेतू होता, त्यामुळे जिल्ह्याला हे नाव शोभून दिसले. पण जिल्ह्याचे ठाणे जिथे स्थिरावले ते गाव वैनगंगेच्या खोऱ्यात, घाटाच्या पायथ्याकडे होते. त्याचे जुने नाव बूढा. कालांतराने हे नाव मागे पडले आणि जिल्ह्याचे नाव गावाला चिकटले. अशा रीतीने घाटाखालचे गाव घाटावरचे म्हणून ओळखले जाऊ लागले, म्हणजेच एका ठिकाणचा धर्म दुसऱ्या ठिकाणावर आरोपित झाला. अध्यासाची व्याख्या विद्यार्थ्याला समजावून द्यायची असेल तर शिंपला शोधायला समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही, या गावाच्या नावाची पाटी पुरेशी आहे.

या उदाहरणात आणखी एक बारकावा आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे. वेदान्ताच्या ग्रंथांत भ्रमाचे दोन प्रकार मानलेले आहेत. दोरीवर साप दिसतो आणि दिवा आणताच साप नाहीसा होतो. अशा, खरे कळताच मावळणाऱ्या भ्रमाला निरुपाधिक भ्रम म्हणतात. उपाधी म्हणजे ज्याच्या सान्निध्यामुळे वस्तू वेगळी भासते ते कारण. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो. तो पांढरा आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते, तरी फूल तिथे आहे तोवर तो तांबडाच दिसत राहतो. हा सोपाधिक भ्रम होय. मृगजळ, पाण्यात वाकलेली काठी आणि तैमिरिकाचे दोन चंद्र याच वर्गातले आहेत. 1889 साली जर्मन अभ्यासक म्युलर-लायर यांनी टोकांना उलटसुलट बाणाग्रे असलेल्या दोन सारख्या लांबीच्या रेघा काढून दाखवल्या, त्यांचाही प्रकार हाच आहे; पट्टीने कितीही वेळा मोजल्या तरी डोळा त्यांना सारखे मानीत नाही. बालाघाटच्या रहिवाशाला आपले गाव घाटाखाली आहे हे लहानपणापासून माहीत असते आणि तरीही तो जन्मभर ते घाटावरचे नावच उच्चारतो. तेव्हा ही सोपाधिक जातीची भ्रांती आहे, ज्ञानाने बाधित झालेली पण न गेलेली.

हास्याचा संबंध या दुसऱ्या प्रकाराशीच आहे, हे येथे स्पष्टपणे मांडले पाहिजे. दोरीवरचा साप पाहणारा माणूस आधी घाबरलेला असतो आणि नंतर सुटलेला असतो. त्याच्या घाबरण्यात हसू नसते आणि सुटकेनंतरचे हसू हे भीती ओसरल्याची खूण असते. दोन चंद्र पाहणाऱ्या माणसाची स्थिती निराळी आहे. त्याला दिसते एक आणि ठाऊक असते दुसरे, आणि ही दोन्ही एकाच क्षणी एकाच जाणिवेत शेजारी शेजारी नांदतात. त्या दोहोंच्या मधे जी फट पडते तिच्यात भय नसते, कारण फसगत झालेली नसते, आणि निश्चिंतीही नसते, कारण डोळे आपला हट्ट सोडत नाहीत. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने हास्याची कारणे सांगताना वेष, अलंकार, बोलणे इत्यादींतील विकृती, म्हणजे जिथे जे शोभत नाही तिथे ते असणे, मुख्य मानली आहे, आणि अभिनवगुप्ताने त्याचा विस्तार करून अनौचित्य, म्हणजे जुळत नसलेल्या गोष्टींचे एकत्र येणे, हेच हास्याचे मूळ ठरवले आहे. भ्रम ओळखलेल्या माणसाच्या दृष्टीत हे अनौचित्य बाहेरून आणावे लागत नाही, ते तिच्या रचनेतच असते.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असेही भेद केले आहेत: माणूस स्वतःच हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. त्याने सांगितलेल्या हास्याच्या कारणांत मात्र व्यंगदर्शन, म्हणजे एखाद्याच्या अवयवातील उणीव दिसणे, हेही एक आहे, आणि ते वाचताना आजचा वाचक थबकल्याशिवाय राहत नाही. मराठीत हाच व्यंग शब्द एकीकडे शारीरिक उणिवेला आणि दुसरीकडे व्यंगचित्रासारख्या शब्दात उपरोधाला जाऊन चिकटला आहे, यावरून दुसऱ्याच्या उणिवेवर हसण्याची खोड किती जुनी आहे हे दिसते. शाळेत चष्मा लागलेल्या मुलाला ढापण्या म्हणणे, तिरळ्या माणसाच्या नजरेची नक्कल करणे, म्हाताऱ्या माणसाने भलत्यालाच हाक मारली म्हणून सर्वांनी खो खो हसणे, या गोष्टी उपहासाच्या आहेत आणि त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. भरताने हसण्याचे जे सहा प्रकार सांगितले, त्यांत नुसत्या गालांत उमटणारे स्मित त्याने उत्तम पात्रांकडे सोपवले आणि अंग घुसळून काढणारे अतिहसित अधम पात्रांकडे, हा भेद वर्णाचा किंवा दर्जाचा म्हणून न घेता मनोवृत्तीचा म्हणून घेतला तर उपयोगी पडतो. ज्याचा डोळा अधू आहे तोच आपल्या डोळ्याकडे पाहून जेव्हा स्मित करतो, तेव्हा त्या हास्यात कोणाचा अपमान होत नाही. उलट भोवतालच्यांनाही त्याच्याशी सहजपणे बोलता येऊ लागते.

मराठी भाषेने या बाबतीत फार समजूतदारपणा दाखवला आहे. वयाच्या चाळिशीच्या सुमारास जवळचे अक्षर पुसट होऊ लागते, त्यासाठी लावायच्या चष्म्याला मराठीत चाळिशी हेच नाव पडले, म्हणजे वयाचा आकडाच नाकावर येऊन बसला. डोळ्यातले भिंग गढुळते त्याला मोतीबिंदू म्हणतात. ज्या पांढरट ठिपक्यामुळे जग दिसेनासे होते त्याला मोत्याची उपमा देणाऱ्यांनी शिंपला आणि रुपे यांच्या दार्शनिक वादाला नकळत आपली भर घातली आहे, कारण येथे उणिवेवर रत्नाचे आरोपण झाले आहे आणि ते सर्वांनी जाणूनबुजून मान्य केले आहे. अलंकारशास्त्रात तर भ्रमाला चक्क दागिन्याची जागा मिळाली. सारखेपणामुळे एका वस्तूला दुसरी वस्तू समजण्याच्या वर्णनाला भ्रांतिमान अलंकार म्हणतात, आणि मम्मटाच्या काव्यप्रकाशात ज्या अलंकारांचे विवेचन आहे त्यांत तो येतो. भुंगा सुंदरीच्या मुखाला कमळ समजतो ही या अलंकाराची ठराविक कल्पना. प्रमाणशास्त्राने ज्याला दोष ठरवले त्याला काव्यशास्त्राने अंगावर घालायला दिले, आणि दोन्ही शास्त्रे एकाच परंपरेत, कित्येकदा एकाच पंडिताच्या घरात, शिकवली गेली.

भ्रमात नेमके काय दिसते या प्रश्नावर दर्शनांनी जी उत्तरे दिली त्यांना ख्यातिवाद म्हणतात. ख्याती म्हणजे भासणे. त्यांतील सर्वांचा परामर्श येथे घेण्याचे कारण नाही. नैयायिकांची अन्यथाख्याती सांगते की, अन्यत्र पाहिलेले रुपेच समोरच्या शिंपल्याच्या ठिकाणी भासते. अद्वैताची अनिर्वचनीयख्याती म्हणते की, ते रुपे सत् म्हणता येत नाही कारण पुढे त्याचा बाध होतो, आणि असत् म्हणता येत नाही कारण ते दिसले होते. अधू डोळ्याच्या माणसाला अधिक आधार वाटावा अशी मते मात्र दुसऱ्या दोन परंपरांची आहेत. प्रभाकर मीमांसकांच्या मते खोटे ज्ञान म्हणून काही नसतेच. समोर चमकणारे काही दिसते हे खरे, रुपे आठवते हेही खरे, फक्त या दोहोंमधला फरक लक्षात येत नाही. या मताला अख्याती म्हणतात, आणि त्यात चुकणारा माणूस खोटारडा ठरत नाही, तो फक्त घाईत असतो. रामानुजाचार्य श्रीभाष्यात याहून पुढे जातात. त्यांच्या परंपरेत रुजलेल्या सत्ख्यातीप्रमाणे सर्व ज्ञान यथार्थच आहे: पंचमहाभूतांचे सर्वत्र मिश्रण असल्यामुळे शिंपल्यात रुप्याचा अंश खरोखरच असतो, पण तो इतका थोडा असतो की त्याचे कडे घडवता येत नाही. कावीळ झालेल्याला पिवळा दिसणारा शंख आणि दुहेरी चंद्र यांनाही त्यांनी असेच समजावून घेतले आहे: डोळ्यातून बाहेर पडणाऱ्या किरणांबरोबर पित्त जाऊन शंखावर पसरते म्हणून पिवळेपणा दिसतो, आणि बोटाने डोळा दाबल्यावर किरणांचे दोन प्रवाह होतात म्हणून चंद्र दोन दिसतात. डोळ्यातून किरण निघतात हे आजचे भौतिकशास्त्र मानीत नाही, परंतु भ्रमातही काहीतरी खरे सापडले पाहिजे, पाहणाऱ्याचा शब्द एकदम फेकून देता कामा नये, ही त्या मतामागची आस्था कालबाह्य झालेली नाही.

पिवळ्या शंखाविषयी एक गोष्ट येथेच नोंदवणे इष्ट आहे. कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, हे मराठीत म्हणीसारखे बोलले जाते, ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातही काविळीने चांदणे पिवळे दिसण्याचा दृष्टांत आला आहे, आणि दर्शनांत तर तो ठरून गेलेला दाखला आहे. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने मात्र काविळीत पिवळा होतो तो रोग्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग. रोग्याला स्वतःला जग पिवळे दिसणे ही क्वचित घडणारी गोष्ट आहे. पाहणाऱ्यांनी त्याचे पिवळे डोळे पाहिले आणि त्याला पिवळे दिसत असणार असे मानले, म्हणजे भ्रमाचा हा नमुनेदार दाखला स्वतःच एका आरोपणातून जन्मला. जग खरोखर पिवळसर दिसते ते वय वाढल्यावर, डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळे-तपकिरी होत गेल्यामुळे, आणि तेव्हा ते इतक्या सावकाश होते की ज्याला तसे दिसते त्याला त्याचा पत्ताही नसतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्यावर 1923 साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तिच्या आधीच्या त्यांच्या चित्रांत तांबडे आणि मातकट रंग गडद होत गेलेले दिसतात. दाखला चुकला तरी आचार्यांचा मुद्दा ढळत नाही, हे मान्य करावे लागेल. तरीही ज्ञानाची कसून परीक्षा करणाऱ्या परंपरेला हजारभर वर्षे हा दाखला तपासावासा वाटला नाही, यावरून डोळस माणसेही एकमेकांच्या डोळ्यांनी किती पाहतात हे कळते.

महानुभाव पंथाच्या दृष्टांतपाठात, जिथे केशिराजांनी चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत सूत्रांसह गुंफले आहेत, गावात आलेला हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा प्रसिद्ध दृष्टांत येतो. पाय हाती लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान लागला त्याला सुपासारखा, आणि डोळस माणसालाच तो पुरता कळतो. हा दृष्टांत पुष्कळदा आंधळ्यांच्या भांडणाची गंमत म्हणून सांगितला जातो, पण त्यातील खांब आणि सूप ही घरातली, हाताळलेली, रोजच्या कामाची साधने आहेत याकडे फारसे लक्ष जात नाही. ज्याने सूप वापरले आहे तोच हत्तीच्या कानाला सूप म्हणतो. अपुऱ्या ज्ञानात माणसाचे सारे घर उतरलेले असते. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून आंधळा, बहिरा, मुका, पांगळा अशी पात्रे उभी केली, तेव्हा गंमत पुढे सरकली: भारुड करणारा आंधळ्याची निंदा करीत नाही, तो स्वतःच आंधळा होऊन लोकांपुढे उभा राहतो आणि आपल्या आंधळेपणाची कहाणी आपल्याच तोंडाने सांगतो. श्रोते हसतात, आणि हसता हसता तो आंधळा आपणच आहोत हे त्यांच्या ध्यानात येते. परस्थ हास्याचे आत्मस्थ हास्यात असे रूपांतर करण्याचे सामर्थ्य मराठी संतवाङ्मयात भारुडाइतके क्वचितच कोठे दिसते.

अधू डोळ्यांना होणाऱ्या भासांकडे वैद्यकाचेही लक्ष गेले, ते आधुनिक काळात एका निसर्गशास्त्रज्ञामुळे. जिनिव्हाचे चार्ल्स बोने यांनी 1760 साली आपले आजोबा चार्ल्स ल्युलँ यांच्याविषयी लिहिले. नव्वदीला टेकलेल्या आणि मोतीबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेल्या या गृहस्थांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती असे नाना प्रकारचे देखावे दिसत. बुद्धी मात्र पूर्ण शाबूत होती, हे देखावे खरे नाहीत हे ते पक्के जाणून होते आणि त्यांना त्यांची मौज वाटे. दृष्टी क्षीण झालेल्या पुष्कळ लोकांना असे भास होतात, आणि आज ती स्थिती बोने यांच्याच नावाने ओळखली जाते. डोळ्यांकडून येणारी वार्ता कमी पडली म्हणजे मेंदू स्वतःच चित्रे रंगवतो, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. वेड लागले असे लोक म्हणतील या धास्तीने अनेक वृद्ध या भासांविषयी घरात चकार शब्द काढीत नाहीत, ही गोष्ट मनाला लागून राहते. लहानपणी बाण लागून एक डोळा गमावलेले आणि पुढे जवळजवळ अंध झालेले अमेरिकन विनोदकार जेम्स थर्बर यांनी चष्म्याविना दिसणाऱ्या अद्भुत दृश्यांवर मोकळेपणाने लिहिले, आणि त्यामुळे त्यांच्यासारख्या अनेकांना आपली दृष्टी सांगण्याजोगी वाटली असेल. ल्युलँ यांचे नाव कोणत्याही दर्शनग्रंथात नाही, पण आचार्यांच्या तैमिरिकाने दोन चंद्र घेऊन घरी गेल्यावर काय केले असते, याचे उत्तर त्यांच्या मौजेत सापडते.

या उत्तराला धर्माच्या प्रांतात केवढे वजन आहे, हे जीवन्मुक्तीच्या चर्चेवरून दिसते. जीवन्मुक्त म्हणजे देह असतानाच ज्याला आत्मज्ञान झाले असा. आक्षेप असा आहे की, ज्ञानाने अविद्या नष्ट झाली असेल तर देह आणि जग त्याला दिसायला नकोत, आणि दिसत असतील तर ज्ञान झालेच नाही असे म्हणावे लागेल. ब्रह्मसूत्रभाष्याच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात शंकराचार्य याचे उत्तर देताना कुंभाराच्या फिरत राहणाऱ्या चाकाबरोबरच पुन्हा दोन चंद्रांकडे वळतात: मिथ्याज्ञान बाधित झाले तरी संस्काराच्या बळावर ते काही काळ चालू राहते, जसे चंद्र एकच आहे हे कळल्यावरही दोन दिसत राहतात. वेदान्तात याला बाधितानुवृत्ती, म्हणजे खोटे ठरलेल्याचे मागे रेंगाळणे, असे नाव आहे. याचा अर्थ असा की, आचार्यांच्या मते मुक्त पुरुषाला अधिक चांगले डोळे मिळत नाहीत; तिमिर तेच असते, चंद्र तेच दोन असतात, फक्त त्याची फसगत होत नाही. भाष्याच्या आरंभी साक्ष देऊन परत गेलेला तो रोगी शेवटाकडे पुन्हा येतो तो सर्वांत वरच्या पायरीवर. मुक्ताच्या मुखावरचे जे मंद स्मित शिल्पकारांनी दगडात पुनःपुन्हा कोरले, त्याचा अर्थ विरक्ती, शांती, करुणा असा अनेकांनी लावला आहे. ते दोन चंद्र पाहणाऱ्याचे हसूही असू शकते, असे मानायला भाष्यातच आधार आहे. अमृतानुभवात ज्ञानेश्वरांनी तर सातवे प्रकरण अज्ञानाच्या खंडनालाच वाहिले आणि जे दिसते ते सारे चैतन्याचाच विलास आहे अशी भूमिका घेतली. तेथे भ्रमाला घालवून लावण्याची निकडच उरत नाही.

भ्रमाचा स्वीकार करावा असे म्हणताना त्याची सीमाही सांगावी लागते, नाही तर या विचारातून अनर्थ होईल. न्यायशास्त्रात संशयाचे ठरलेले उदाहरण आहे: संधिप्रकाशात समोर दिसते ते स्थाणू, म्हणजे वठलेल्या झाडाचा खुंट, की पुरुष. बालाघाट हा सालाच्या जंगलांचा जिल्हा, कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग याच्या हद्दीत येतो, आणि संध्याकाळी रानातून परतणाऱ्याला खुंटाच्या ठिकाणी माणूस किंवा जनावर दिसणे ही येथे ग्रंथातली कल्पना राहत नाही. खुंटाला माणूस समजून कोणी रामराम घातला तर त्यात कोणाचे काही बिघडत नाही, आणि घरी जाऊन ते सांगण्यात आनंदही असतो. माणसाला खुंट समजणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. परक्याला चोर समजणे, एकाकी म्हातारीला चेटकीण ठरवणे, दुसऱ्या जातीच्या माणसात माणूस न दिसणे, या भ्रमांना स्मिताने जवळ करता येत नाही, कारण त्यांत दिसणे आणि जाणणे यांच्यामधली ती फट बुजलेली असते. ज्या भ्रमाच्या शेजारी त्याचा बाध जागा आहे तोच स्वीकारण्याजोगा, आणि जो स्वतःला ज्ञान म्हणवतो त्याच्यावर दिवाच धरला पाहिजे. रानात वाट चुकून पुन्हा पुन्हा त्याच जागी येणाऱ्या माणसाला चकवा लागला असे मराठीत म्हणतात. जुनी माणसे अशा वेळी धावपळ न करता तिथेच बसून राहावे असे सांगत, आणि भ्रम आहे हे ओळखून त्याच्याबरोबर थोडा वेळ थांबण्याची ही रीत कोणत्याही ख्यातिवादाइतकी विचारी आहे.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, त्यामुळे येथील मराठी माणसाच्या कानालाही एक प्रकारचे तिमिर लाभले आहे. घरात शिक्षा म्हणजे दंड आणि शाळेत शिक्षा म्हणजे विद्या. घरात चेष्टा म्हणजे थट्टा आणि शाळेच्या पुस्तकात चेष्टा म्हणजे प्रयत्न. घरात संसार म्हणजे चूल, भांडी, मुलेबाळे आणि बाजारात संसार म्हणजे अवघे जग. मराठी, पवारी, हिंदी आणि गोंडी कानांवर एकत्र पडणाऱ्या या मुलखात एका शब्दाचे दोन अर्थ एकदमच उमटतात, आणि त्यांतला एक निवडताना दुसरा पुरता विझत नाही. येथील मुलाला दोन चंद्रांचा दृष्टांत समजावून सांगण्याचे श्रम फारसे पडू नयेत.

वैनगंगेच्या काठावर या साऱ्या विचाराला आणखी एक दाखला मिळतो. मुकुंदराजांचा विवेकसिंधू हा अद्वैत मराठीत मांडणारा ग्रंथ शके 1110, म्हणजे 1188 चा असल्याचे परंपरा सांगते, आणि काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी मराठीतील अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. ग्रंथात वैन्यगंगेच्या तीरावरील अंबानगरीचा उल्लेख आहे. त्यावरून एक पक्ष ही नगरी म्हणजे वैनगंगेकाठचे आंभोरे मानतो, जिथे मुकुंदराजांचे गुरू हरिनाथ यांची समाधी दाखवली जाते. दुसरा पक्ष ती मराठवाड्यातले अंबेजोगाई मानतो, जिथे स्वतः मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते. आंभोऱ्याला पोचणारे वैनगंगेचे पाणी सिवनीकडून निघून बालाघाट गावावरून, पुढे गोंदिया-भंडाऱ्यातून वाहत येते. आणि अंबेजोगाई ज्या डोंगररांगेत वसले आहे तिचेही नाव बालाघाट आहे. म्हणजे एका पक्षाचा मुकुंदराज बालाघाटाच्या खालच्या अंगाला आहे आणि दुसऱ्या पक्षाचा बालाघाटातच. मधे शेकडो कोसांचे अंतर आणि नाव मात्र एक. तैमिरिकाला एका वस्तूच्या दोन दिसतात, येथे दोन वस्तूंवर एकच नाव बसून त्या ऐकणाऱ्याला एक भासतात, आणि प्रभाकरांच्या शब्दांत सांगायचे तर हा भेदाग्रह, म्हणजे फरक न कळणे होय. भ्रमाचे स्वरूप मराठीत अगदी आरंभी उलगडून सांगणाऱ्या ग्रंथकाराच्या ठावठिकाण्यावरच असा दुहेरी चंद्र उगवावा, याचा त्या ग्रंथाच्या वाचकाला खेद वाटण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी समाध्यांपुढे माथा टेकणाऱ्यांनाही तो कधी वाटलेला दिसत नाही.

गोंदियाहून निघालेली गाडी वैनगंगेच्या खोऱ्यातल्या भाताच्या बांध्यांमधून सपाटीनेच बालाघाटला येते आणि स्थानकाच्या पाटीवर घाटावरचे म्हणून नाव असलेल्या या गावी पोचेपर्यंत तिने एकही घाट चढलेला नसतो. घाट लागतो तो गाव मागे टाकल्यावर, बैहरच्या रस्त्याला, गांगुलपाऱ्याच्या तलावाजवळ.